बारा माणसं, दोन लेन: साताऱ्याहून बोलिंगला जाताना

पावसाळ्यात साताऱ्यातून ग्रुप काढायचा म्हटला की कासला धुकं, ठोसेघरला गर्दी, आणि महाबळेश्वरच्या पॉइंटवर उभं राहिलं तर समोर नुसता पांढरा पडदा. मग भिशीच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "बोलिंगला जाऊया का?" आणि पाच मिनिटांत बारा अंगठे वर. इथपर्यंत सगळं सोपं असतं.

हा रिव्ह्यू एका दुकानाचा नाही. सातारकरांपुढे मुख्यतः दोन पर्याय असतात: पाचगणी-महाबळेश्वर बाजूच्या गेम झोनमधलं बोलिंग (लांब पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, जड बॉल घरंगळवत टोकाच्या दहा पिना पाडायचा खेळ) आणि पुण्याच्या मॉलमधलं. निकाल आधीच सांगून टाकतो. आठपर्यंत माणसं असतील तर घाट चढा. त्याहून जास्त असतील तर पुणं गाठा, तेही मधल्या वारी. आणि कुठंही गेलात तरी एका लेनवर चारपेक्षा जास्त माणसं घालू नका. सहलीचा विचका होतो तो बहुतेक वेळा याच एका हिशेबात.

हिशेब असा. एका गेममध्ये प्रत्येकाला दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या, एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त दोन बॉल (फक्त शेवटच्या फ्रेममध्ये कधी तीन). पहिला टाकायचा, मशीन पडलेल्या पिना बाजूला करतं, बॉल परत येतो, दुसरा टाकायचा. या सगळ्याला साधारण एक मिनिट. म्हणजे माणशी एका गेमला दहा मिनिटं. चार जणांचा गेम चाळीस मिनिटांत, नवखे असतील तर पन्नास. सहा जण घातले की तोच गेम एक तासाचा, फोटो-व्हिडिओ धरून सव्वा तासाचा. आणि खरी अडचण तासाची नाहीच. सहा जणांत एकदा टाकून झालं की पुन्हा नंबर यायला पाच-सहा मिनिटं लागतात. तेवढ्यात एक जण एअर हॉकीकडे जातो, एक फोनवर बोलत बाहेर. स्क्रीनवर त्याचं नाव चमकत राहतं, बाकीचे "अरे कुणाचा नंबर?" करत बसतात, आणि शेवटी कंटाळून कुणीतरी त्याच्या नावावर आपलाच बॉल टाकतं. तिथून पुढे सगळा स्कोअर एका घराने सरकतो. काउंटरवरून तो दुरुस्त करता येतो, पण लगेच सांगितलं तर. चार फ्रेमनंतर सांगितलं तर तिथला मुलगाही हात टेकतो.

म्हणून बारा जणांना तीन लेन हव्यात. हिल स्टेशनच्या गेम झोनमध्ये जागाच कमी असते, त्यामुळे सगळ्या लेन एका वेळी एकाच ग्रुपला द्यायला, निदान सीझनमध्ये, कुणी तयार होत नाही. दोनच मिळत असतील तर सहा-सहा घुसवण्यापेक्षा दोन तुकड्या करा. आठ जण बोलिंगवर, चार जण इतर खेळांवर, पाऊण तासाने अदलाबदल.

फोन करून विचारायचा पहिला प्रश्न दराचा नव्हे. विचारा, "लेन पूर्ण लांबीची आहे की मिनी बोलिंग?" फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, निळ्या-जांभळ्या दिव्यात तर अजूनच. पूर्ण लेन फाउल लाइनपासून (बॉल टाकताना जी रेघ ओलांडायची नसते तिथपासून) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट लांब आणि साडेएक्केचाळीस इंच रुंद असते. पिन १५ इंच उंच, दीड किलोच्या वर वजनाची. बॉलला तीन भोकं असतात. मिनी बोलिंगची लेन याच्या निम्मी किंवा त्याहून आखूड, बॉल हाताच्या पंज्यात मावणारा, भोकं नसलेला. आठ वर्षांखालच्या पोरांना मिनी उत्तम. मोठ्यांचा मात्र त्यात दहा मिनिटांत जीव रमेनासा होतो, आणि दर पूर्ण लेनच्या जवळपास लावलेला असेल तर ते पैसे वाया गेले म्हणायचे.

दुसरा प्रश्न, दर गेमवर की तासावर? नवख्या ग्रुपने गेमवरच घ्यावं. चार नवखे एका तासात जेमतेम सव्वा गेम खेळतात, दुसरा गेम अर्ध्यात असताना लेन बंद होते आणि हिरमोड होतो. तासाचा दर परवडतो तो झटपट टाकणाऱ्या दोघा-तिघांना. तासावरच घ्यावं लागलं तर एवढं आधी ठरवून घ्या: मशीन अडकलं तर घड्याळ थांबवणार का? मशीन अडकतंच. त्याबद्दल पुढे.

तिसरा प्रश्न, दरात बूट आणि कर धरलेत का. बूट वेगळे लावले की बारा जणांत रक्कम डोळ्यात भरण्याइतकी वाढते. मोजे बहुतेक ठिकाणी आपले लागतात, काउंटरवर मिळतात ते महाग आणि पातळ. चपला घालून येणाऱ्यांची संख्या लक्षात घेऊन चार जादा जोड पिशवीत टाका. पावसाळ्यात तर प्रत्येकाने कोरडा जोड वेगळा ठेवावा.

हे कोरडेपणाचं प्रकरण घाटावरच्या ठिकाणी फार महत्त्वाचं आहे. बोलिंगच्या बुटाचा तळ मुद्दाम गुळगुळीत असतो, कारण शेवटचं पाऊल टाकताना पाय थोडा घसरायला हवा. त्या तळाला पाण्याचा एक थेंब लागला की घसरायच्या ऐवजी तो चिकटतो. अंग पुढे जातं, पाय जागच्या जागी, आणि माणूस हातातल्या बॉलसकट गुडघ्यावर येतो. म्हणून ते बूट घालून टॉयलेटला जायचं नाही, छत्री आणि रेनकोट दाराशीच ठेवायचे, आणि कोल्ड्रिंकचा ग्लास धावपट्टीच्या फरशीवर आणायचा नाही. बसायच्या जागेपासून फाउल लाइनपर्यंत जेमतेम १५ फूट असतात, तेवढा पट्टा कोरडा राहिला पाहिजे. वाढदिवस असेल तर केक दुसऱ्या टेबलावर कापा. तळाला क्रीम लागलं तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. फाउल लाइनच्या पलीकडे तर पाऊल टाकूच नका. लेनवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तिथे माणूस उभा राहू शकत नाही.

त्या तेलावरून ठिकाणाची पारख करता येते. चार-पाच बॉल टाकून झाल्यावर परत आलेल्या बॉलवर बोट फिरवा. तेलाची बारीक रेघ बोटाला लागली तर लेनची निगा राखली जाते. काळपट मळ लागला तर लेन पुसलेलीच नाही, आणि तोच मळ पुढे भोकातून तुमच्या अंगठ्याला लागणार. पुण्याच्या मॉलमध्येही सगळीकडे चोख असतं असं नाही, पण सरासरी बरी. नवख्याला तेल असो-नसो खेळात फार फरक पडत नाही, कारण त्याचा बॉल सरळच जातो किंवा सरळ लेनच्या कडेच्या गटारात जातो. मळाचा फरक मात्र सगळ्यांना पडतो.

आता मशीन. दोन प्रकार. जुन्या धाटणीचं पडलेल्या पिना मागे गोळा करून पुन्हा मांडतं. नव्यात प्रत्येक पिनच्या डोक्याला दोरी असते, दोरी ओढून पिना वर उचलल्या जातात आणि परत जागेवर सोडल्या जातात. गेम झोनवाले दोरीचं घेतात, कारण त्यात सुटे भाग कमी, वीज कमी, आणि कायमचा मेकॅनिक ठेवावा लागत नाही. खेळणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर दोरीच्या मशीनमध्ये पिना जरा आळसटल्यासारख्या पडतात, "धडाड" आवाज कमी येतो, आणि कधी एका पिनची दोरी शेजारच्या पिनला ओढून फुकटची पाडते. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही! तक्रार होते ती गुंत्याची. दोन दोऱ्या अडकल्या की पिन तिरकी लटकत राहते, मशीन दोनदा-तीनदा खालीवर करून स्वतःच गुंता सोडवायला बघतं, नाही जमलं तर लाल दिवा. अशा वेळी काउंटरवरच्या मुलाला हाक मारा आणि थांबा. पिनांसमोरची आडवी पट्टी खाली आलेली असताना बॉल टाकला तर तो पट्टीवर आदळतो, मग दुरुस्ती अर्ध्या तासाची होते आणि भरपाईचा वादही सुरू होतो. पाच मिनिटांत सुटणारा गुंता सहसा असाच वाढतो.

घाटावर दुसरा त्रास विजेचा. पावसात लाइट जाते, जनरेटर लागतो, पण मधल्या काही सेकंदांत स्कोअरचा कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि कधी कधी सगळा स्कोअर पुसला जातो. दर तीन फ्रेमला स्क्रीनचा एक फोटो काढून ठेवा. पैज लावली असेल तर नक्कीच.

बॉल निवडताना पुरुष मंडळी हमखास चुकतात. बॉलवरचा आकडा पौंडात असतो: ६ म्हणजे पावणेतीन किलो, ८ म्हणजे साडेतीनच्या थोडं वर, १० म्हणजे साडेचार, १२ म्हणजे जवळपास साडेपाच, आणि १६ म्हणजे सव्वासात किलो, याहून जड बॉल नसतो. आपल्या वजनाचा दहावा भाग हा ठोकताळा सगळीकडे सांगतात, पण तो नेहमी खेळणाऱ्यांसाठी. साठ किलोच्या नवख्या माणसाने १० किंवा ११ घ्यावा. पाच किलोची तांदळाची पिशवी तीन बोटांत धरून वीस वेळा झुलवायची आहे, असा विचार केला की १४ नंबरचा मोह आपोआप सुटतो. मुलांना ६, बायकांना ८ ते १०, पण इथे एक मेख आहे. हलक्या बॉलची भोकं बारीक असतात. जाड बोटांच्या माणसाने "हलका बरा" म्हणून ८ नंबर उचलला तर अंगठा आत अडकतो, सोडायच्या क्षणी सुटत नाही, आणि बॉल वर उडून लेनवर आदळतो. मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत, अंगठा पूर्ण आत. अंगठा भोकाला घासत पण विनाअडथळा बाहेर आला पाहिजे. बॉल घेताना हे तीन-चार बॉलवर करून बघा, दोन मिनिटं लागतात, आणि मग आपल्या बॉलचा रंग लक्षात ठेवा.

बायकांच्या ग्रुपसाठी थोडं जास्त. मधल्या बोटातली आणि अनामिकेतली अंगठी घरीच काढून ठेवा, तिथे काढली की विसरते. अंगठ्याचं नख वाढवलं असेल तर ते तुटणार हे धरून चाला. लांब मंगळसूत्र वाकताना पुढे झुलतं आणि हाताच्या झोक्यात अडकतं, ते आत घ्या. साडीत खेळता येतं, फक्त पदर कमरेला खोचायचा आणि निऱ्या घोट्याच्या वर येतील इतक्या उचलून घ्यायच्या, कारण शेवटच्या पावलाला पुढचा पाय बराच वाकतो आणि निरी नेमकी बुटाखाली येते. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी पिशवीत.

बॉल परत येतो त्या रॅकवर सगळ्यात जास्त बोटं चेमटतात. एक बॉल उचलताना मागून दुसरा येऊन धडकतो. दोन्ही हात बॉलच्या दोन बाजूंना, बाहेरून लावायचे. दोन बॉलच्या फटीत हात कधीच नाही. लहान मुलांना रॅकपाशी एकटं सोडू नका, हे मात्र अगदी गाठ मारून ठेवण्यासारखं.

मुलांसाठी दोन सोयी विचारा: गटार झाकणारे कठडे, ज्यांना तिथे बंपर म्हणतात, आणि बॉल ठेवून ढकलायची घसरगुंडी. नव्या सिस्टिममध्ये बंपर नावानुसार आपोआप वर-खाली होतात, मुलाच्या पाळीला वर, बाबांच्या पाळीला खाली. जुन्या ठिकाणी ते पूर्ण लेनला एकदाच लावावे लागतात. तसं असेल तर सगळी मुलं एकाच लेनवर ठेवा, सोबत एक शांत डोक्याचा मोठा माणूस. घसरगुंडी आजी-आजोबांनाही चालते. गुडघे-कंबर दुखणाऱ्यांनी तीच वापरावी, लाजायचं कारण नाही.

टाकायचं कसं हे शिकवायला हा लेख नाही, तरी दोन गोष्टी. आपल्याकडे बोलिंग म्हटलं की क्रिकेट डोक्यात असतं, त्यामुळे तरुण पोरं लांब रनअप घेऊन येतात आणि फाउल लाइनवरून घसरतात. चार पावलं पुरतात, तीही चालत. आणि नजर पिनांकडे नको. फाउल लाइनपासून साधारण १५ फुटांवर लेनमध्ये सात बाण कोरलेले असतात. उजव्या हाताने टाकणाऱ्याने उजवीकडून दुसऱ्या-तिसऱ्या बाणावर नेम धरावा. ६० फुटांवरचा नेम चुकतो, १५ फुटांवरचा साधतो. बॉल आपटू नका, जमिनीलगत सोडा.

स्कोअर मशीन मांडतं, पण "मी दहा पाडल्या तर आकडा का नाही आला?" हा प्रश्न दर ग्रुपमध्ये येतो. पहिल्याच बॉलला दहाही पडल्या तर स्ट्राइक: दहा अधिक पुढच्या दोन बॉलचे गुण. पुढचे दोन बॉल पडेपर्यंत घर रिकामंच राहतं. स्ट्राइकनंतर सात आणि दोन पाडल्या तर पहिल्या घरात १९, दुसऱ्यात ९ मिळून २८. दोन बॉलमध्ये दहा झाल्या तर स्पेअर, त्याला पुढच्या एकाच बॉलची भर. दहाव्या फ्रेमला स्ट्राइक किंवा स्पेअर पडला तर एकूण तीन बॉल मिळतात. सलग बारा स्ट्राइक म्हणजे ३००, त्यापुढे स्कोअर नाही. नवख्याने ऐंशी-नव्वद केले तरी चांगलं.

एकट्या-एकट्याच्या स्कोअरवर बारा जण खेळले की दोघं-तिघं पुढे निघून जातात आणि बाकीच्यांचं लक्ष उडतं. दुसरा गेम जोड्यांचा लावा: पहिला बॉल एकाने, उरलेल्या पिना दुसऱ्याने. बोलिंगवाले याला स्कॉच डबल्स म्हणतात. नऊ पाडल्या की स्ट्राइक धरायचा, असा नो-टॅपचा प्रकारही बऱ्याच सिस्टिममध्ये असतो, काउंटरवर सांगितलं तर लावून देतात. नवख्यांना त्यात अचानक स्ट्राइक पडायला लागतात आणि आरडाओरडा सुरू होतो. नावांची यादी आधीच लेननुसार करून व्हॉट्सअ‍ॅपवर काउंटरला पाठवा, टोपणनावं छोटी ठेवा. तिथे उभं राहून बारा नावं सांगण्यात दहा मिनिटं जातात.

खाण्याबद्दल थोडक्यात. आधी खेळ, मग खाणं. भजी किंवा वडापाव खाऊन तसाच अंगठा भोकात घातला की बॉल निसटतो, पुढच्या माणसालाही ते तेल लागतं. हातरुमाल जवळ ठेवा. टाल्कम पावडर वापरू नका, ती फरशीवर पडते आणि ठिकाणवाले योग्य कारणाने ओरडतात. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी चालत नाही, तेव्हा कंदी पेढ्यांचा डबा गाडीतच राहू द्या. फूड कोर्टात बिलावर सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला दिसला तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांनुसार तो सक्तीने लावता येत नाही.

आता जाण्याचं. पाचगणीला पाचवडवरून वाई आणि पसरणी घाट, साधारण दीड तास. घाटात मळमळणारी मुलं प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, पोहोचल्यावर अर्धा तास मोकळा ठेवून मगच लेनची वेळ घ्या. रविवारी दुपारनंतर पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात, तेव्हा सकाळी उघडतानाची वेळ धरा आणि जेवायला खाली वाईत उतरा. एप्रिल-मे, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ, या दिवसांत बुकिंगशिवाय जाऊच नका.

पुणं इथून ११० किलोमीटरच्या आसपास, खंबाटकीच्या बोगद्यातून, वाटेत आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे दोन टोलनाके. मधल्या वारी सकाळी आठला निघालात तर बाराच्या आधी लेनवर उभे राहता, तेव्हा गर्दीही कमी आणि बऱ्याच ठिकाणी दरही खाली असतो. बारा जणांना टेम्पो ट्रॅव्हलर सोयीची, पण एक गोष्ट कुणी सांगत नाही: मॉलच्या तळघरात ती जात नाही. तिथल्या कमानीची उंची सव्वादोन मीटरच्या आसपास, ट्रॅव्हलर अडीच मीटरच्या वर. ड्रायव्हर कुठे थांबणार हे आधी ठरवा आणि सगळ्यांना मुख्य दारातच उतरवा, नाहीतर अर्धा ग्रुप तिसऱ्या मजल्यावर आणि अर्धा रस्त्यावर. सांगलीकरांना पुणं एका दिवसात जिवावर येतं. त्यांनी आधी जवळच्या कोल्हापुरात काय आहे ते फोन करून विचारावं, आणि पहिला प्रश्न तोच: पूर्ण लेन की मिनी?

गुण द्यायचेच तर पुण्याच्या लेनला मधल्या वारी पाचपैकी चार, शनिवार-रविवारी अडीच. घाटावरच्या बोलिंगला छोट्या ग्रुपसाठी साडेतीन, बारा जणांसाठी दोन.

निघताना बुटांच्या काउंटरवर एकदा मोजणी करा. गडबडीत एखादा भाड्याचेच बूट घालून गाडीत बसतो, त्याच्या चपला तिथल्या खणात राहतात, आणि हे लक्षात येतं ते पसरणी घाट अर्धा उतरल्यावर.